जिंकताना बाकावर

माझ्या नवऱ्याला कुणी विचारलं, "डेल, घराला आग लागलीय का रे?" तर तो आधी खिडकीतून बाहेर बघेल, टोपी मागे सारेल आणि म्हणेल, "थोडी लागलेली दिसतेय." असल्या माणसाबरोबर मी अख्खा संसार केला. एरवी मी कुरकुर करते, पण सध्या खुशीत आहे. गेला हिवाळाभर ज्या गोष्टीने आमचा जीव टांगणीला लावला होता, ती एकदाची नीट पार पडली. म्हणून आता त्याच्यावर मनसोक्त तोंडसुख घ्यायला मी मोकळी आहे.

डेलमार कुबिक त्याचं नाव. वेस्टरलिनच्या शाळेत पोरांना सुतारकाम आणि वेल्डिंग शिकवतो, सकाळ-संध्याकाळ शाळेची बस हाकतो आणि फुटबॉलचा कोच आहे. नेब्रास्कातल्या आमच्या या वाळूच्या टेकड्यांत माणसं कमी, गाई फार. शाळेत अकरा जणांचा संघ उभा राहील एवढी पोरंच नसतात, म्हणून आम्ही आठ-आठ जणांचा फुटबॉल खेळतो. चेंडू काखेत मारून पळत सुटायचं आणि समोरच्या आठांनी धडक देऊन त्याला आडवं करायचं. मैदानावरचं गवत डेलच कापतो, चुन्याच्या रेघाही तोच मारतो, आणि पोरांचे घामट कपडे कोण धुतं हे विचारूच नका.

तो स्वतः शाळेत असताना बरा खेळायचा म्हणतात. त्याला बघायला कुठल्याच कॉलेजचं कुणी आलं नाही. आलं असतं तरी यानेच सांगितलं असतं, "माझ्यापेक्षा माझा भाऊ चांगला खेळतो, त्याला घ्या." भाऊ कसा खेळायचा ते मी पाहिलंय. त्याला चेंडू आणि भोपळा यातला फरक कळत नव्हता.

तर या डेलचा एक नियम आहे. आपण तीस गुणांनी पुढे गेलो की पहिले आठ खेळाडू बाहेर, बाकावर, आणि लहान पोरं आत. मग सामना मध्यंतराला आलेला असो नाहीतर नुकता सुरू झालेला असो. इकडचे बाकीचे कोचही असं करतात, पण शेवटी शेवटी, जरा चव चाखून झाल्यावर. डेलला तेवढाही धीर नसतो. तीस झाले की बस.

यामागे कारण आहे, आणि ते इथे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. वसंतात वासरांना तापल्या लोखंडाने मालकीचे डाग द्यायचे असतात. ते एका घराचं काम नव्हे. शेजारच्या डाउनी गावचे लोक येतात, हॉलिस गावचे येतात, कुणी घोड्यावरून वासरं ओढून आणतं, कुणी पाय धरतं, कुणी डागणी लावतं, आणि मग सगळी मिळून पुढच्या घरी. ज्याच्या पोराला शरदात सगळ्या गावासमोर मातीत लोळवलं, त्याच माणसाच्या हातात वसंतात आपल्या वासराचे पाय द्यायचे असतात. शिवाय समोरच्या संघातला दर दुसरा जण कुणाचा ना कुणाचा भाचा, पुतण्या, मावसभाऊ असतोच. तेव्हा हरवायचं खुशाल, पण नाक घासायला लावायचं नाही.

नियम चांगला आहे, मीही कधी नावं ठेवली नाहीत. पण गेल्या हंगामात टेट हेगल आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होता.

टेट दाराच्या चौकटीतून जरा तिरका होऊनच आत येतो. एवढा आडवा पोरगा एवढा पळतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. त्याचा बाप वॉरन दुसऱ्याच्या कुरणावर गडी आहे. राहतं घर मालकाचं, गाडी मालकाची, घोडासुद्धा मालकाचाच. ज्याच्या बापाला जमीन नाही, त्या पोराने इथे काय करायचं? बापासारखं दुसऱ्याच्या कुंपणाच्या तारा ओढायच्या, किंवा इथून जायचं. जायला कॉलेज पाहिजे, आणि कॉलेज वॉरनच्या आवाक्याबाहेर. म्हणजे मार्ग एकच, फुटबॉलची शिष्यवृत्ती. हे मला माहीत होतं, गावाला माहीत होतं, डेललाही माहीत होतं. पण टेट मैदानात उतरला की मक्याच्या लाह्या विकून व्हायच्या आत आम्ही तीसने पुढे! आणि डेलने बोट केलं की टेट मुकाट्याने बाकावर.

मी एकदा म्हटलं, "डेल, या वर्षापुरता तरी हा नियम गुंडाळून ठेव ना."

"त्यांच्याकडे नववीतली पोरं खेळतायत, अर्लीन."

"मग?"

"मग काय?"

झालं. चर्चा संपली. या माणसापुढे मी केव्हाच हात टेकलेत.

हंगाम संपला, बर्फ पडलं, आणि एक दिवस राज्याच्या पलीकडल्या एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस शाळेत आला. आंद्रे बॉड्रो. दक्षिणेकडचा, लुइझियानाचा, तरणाबांड, बोलका, आणि पायात असले पातळ बूट की बघूनच मला थंडी वाजली. नव्या पोरांचा शोध घेत तो गावोगाव हिंडत होता. ही माणसं हुशार असतात. आधी कोचकडे जात नाहीत, स्वयंपाकघरात येतात. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. त्या दिवशी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल होते. त्याने दोन रोल संपवले, तिसरा हातात घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "टेट हेगल जेवल्यावर ताट उचलून ठेवतो का हो?"

"स्वतःचं ठेवतो, शेजारच्याचं ठेवतो आणि टेबल पुसून जातो," मी म्हटलं. "आणि खोटं वाटत असेल तर उद्या दुपारी येऊन बघा."

तो हसला. मनात म्हटलं, चला, अर्धं काम फत्ते! मग तो डेलच्या कारखान्यात गेला, म्हणजे जिथे पोरं वेल्डिंग शिकतात तिथे. मी दोन कप कॉफी घेऊन मागोमाग गेले आणि कप ठेवून मुद्दाम तिथेच रेंगाळले.

"मग कोच," बॉड्रो म्हणाला, "टेट कसा आहे?"

"बरा आहे," डेल म्हणाला.

बरा! आमच्याकडे बरा म्हणजे काय ते मला ठाऊक. लग्नाच्या दिवशी मी कशी दिसत होते विचारलं तेव्हाही हा 'बरी' म्हणाला होता. पण लुइझियानाच्या माणसाला ते कुठून कळणार? त्याच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

"मी त्याच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहिले. पहिल्या अर्ध्यात पोरगा आग आहे आग! पण मध्यंतरानंतर बाकावर. जवळजवळ प्रत्येक सामन्यात. काही दुखापत?"

"नाही."

"दम पुरत नाही?"

"तसं नाही."

"मग..." बॉड्रोने आवाज खाली आणला. "वागणुकीचं काही? स्पष्ट सांगा, कोच. आपल्यातच राहील."

"मी बसवलं त्याला."

"का?"

डेलने आपल्या बुटांकडे बघितलं. "बसवायची वेळ झाली होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात डेलने माझ्याकडे असं बघितलं की उघडलेलं तोंड मी मिटलं. त्याला काय वाटत होतं ते मला आरपार दिसत होतं. खरं कारण सांगायचं तर म्हणावं लागणार की डाउनीची पोरं कच्ची होती, हॉलिसची त्याहून कच्ची होती, आम्हाला त्यांची दया आली. आणि हे सांगायचं कुणाला, तर पातळ बुटातल्या परक्या माणसाला. शेजाऱ्याची इज्जत बाहेरच्यासमोर काढायची नाही, हे इथे आईच्या दुधाबरोबर पाजलं जातं. डेल ज्यांची लाज राखायला पोरांना बसवत होता, त्यांचीच लाज आता तोंडाने कशी काढणार?

बॉड्रो हेगलांच्या घरीही गेला. वॉरनला विचारलं, तर तो म्हणाला, "कोचना विचारा." टेटला विचारलं, तर तो म्हणाला, "कोच सांगतील ते." सगळे एकाच माळेचे मणी! शेवटी बॉड्रोने सगळ्यांशी हात मिळवले, रोल छान होते असं मला आवर्जून सांगितलं, आणि डेलला म्हणाला, "बघू."

'बघू' म्हणजे काय, हे मात्र जगात कुठेही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचं पोर उतरल्यावर घरी जाताना बसमध्ये मी डेलला फैलावर घेतलं. "बोलणाऱ्याची माती विकली जाते डेल, आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं! तुझ्या त्या चांगुलपणाची किंमत त्या पोराने मोजायची का? मूग गिळून बसलास तिथे!"

डेलने घराजवळ बस थांबवली, चावी फिरवली आणि तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मी त्या पोराचं वाटोळं केलं."

तेवढ्याने माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्यानंतर डेलचं जेवणावरचं मन उडालं. मी समोर काहीही ठेवलं तरी चार घास आणि ताट बाजूला. शेवटी धीर करून त्याने बॉड्रोला फोन लावला. तिकडून कुणी उचलला नाही, निरोप ठेवायला सांगितलं. डेल घसा खाकरून म्हणाला, "मी कुबिक, वेस्टरलिनहून. पोरगा बरा आहे. म्हणजे, चांगला बरा आहे." आणि फोन ठेवला. मी कपाळावर हात मारून घेतला. याच्या लेखी ही प्रशस्ती होती!

फोन काही आला नाही. इतर गावांतल्या पोरांना बोलावणी आल्याच्या बातम्या मात्र येत होत्या. टेट रोज जेवायला यायचा, ताट उचलून ठेवायचा, "थँक यू, मिसेस कुबिक" म्हणायचा, आणि मी त्याची नजर चुकवून पातेल्यांकडे वळायची.

नाताळानंतर डाउनीच्या गुरांच्या बाजारात आमच्या दोन म्हाताऱ्या गाई विकायच्या होत्या. डेल शाळेत, म्हणून मी रजा काढून गेले. तिथे लिलावाच्या मांडवाला लागूनच खानावळ आहे. लांबलचक टेबलावर चार गावांचे लोक कॉफी पीत बसलेले असतात, आणि मधोमध जीन टॉर्पी. हा डाउनीचा कोच. डेलशी याची फुटबॉलवरून कायमची चढाओढ, आणि डागणीच्या दिवशी आमच्याकडे सगळ्यात आधी हजर असतो तोही हाच. जरा बहिरा आहे, म्हणून बोलतो ते अख्ख्या मांडवाला ऐकू जातं.

"काय अर्लीन!" तो ओरडला. "तुमचा तो डोंगर कुठल्या विद्यापीठात चालला? आम्हाला कळवा, म्हणजे तो गेल्याची आम्ही इकडे मेजवानी करू!"

सगळे हसले. आणि माझा बांध फुटला.

"कुठे नाही चालला! इथेच राहणार आहे, तारा ओढत! आणि का, माहितीये? तुमच्यामुळे! तुमच्या पोरांची लाज राखायला डेलने त्याला दर सामन्याला बसवलं, आणि आता तो विद्यापीठवाला म्हणतो पोराला दम नाही, नाहीतर वागणूक वाईट. आणि आमचा गाढव खरं सांगायला तयार नाही, का तर म्हणे शेजाऱ्यांचा कमीपणा होईल!"

 कुणी कपाकडे बघतोय, कुणी खिडकीकडे. माझ्या तोंडून काय निघून गेलं ते मला तेव्हा कळलं. भर बाजारात, चार गावांसमोर, यांच्या पोरांची लक्तरं मी वेशीवर टांगली होती. जीनने टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. इथे माणसाने टोपी घातली की तो उठून चाललाच म्हणून समजायचं. मी मनात म्हटलं, अर्लीन, आता वसंतात वासरं एकटीच धर.

पण जीन उठला नाही. त्याने हात पुढे केला. "त्या माणसाचा नंबर दे."

मी दिला. त्याने आपल्या फोनवर बटणं दाबली, आणि ऐकू येत नाही म्हणून फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर मधोमध ठेवला. बॉड्रोने उचलला.

"मी जीन टॉर्पी," जीन ओरडला. "डाउनीचा कोच. टेट हेगल मध्यंतरानंतर का बसायचा, विचारत होतात ना? मग ऐका. आम्ही मार खात होतो म्हणून बसायचा. मध्यंतराला आम्ही सहा आणि ते अडतीस. माझी दोन पोरं रडत होती. तो पोरगा आणखी थोडा वेळ मैदानात राहिला असता ना, तर त्या दोघांनी दुसऱ्या दिवशी खेळणंच सोडलं असतं. कुबिकने त्याला बसवलं आणि माझा संघ वाचवला. मी त्याचे कधी आभार मानले नाहीत, कारण आमच्यात ती पद्धत नाही."

पलीकडे बॉड्रो काही बोलणार, तेवढ्यात हॉलिसचा लेनर्ड पुढे वाकला. "अरे, तुमचे निदान सहा तरी झाले! आमचा भोपळा! सांग त्यांना, हॉलिसचा भोपळा होता म्हणावं!"

"भोपळा तर आमचाही होता," तिसरा कुणी म्हणाला, "आणि तोही आमच्याच मैदानावर, आमचा बँड वाजत असताना!"

"बँड तरी वाजला! आमच्या बँडवाल्यांनी मध्यंतराला वाद्यं गाडीत भरली!"

देवा, काय सांगू! जी माणसं साधा ताप आला तरी डॉक्टरला सांगत नाहीत, ती आपण किती वाईट हरलो हे सांगायला एकमेकांवर कडी करत होती. लेनर्डची बायको फोन ओढून घेऊन म्हणाली, "माझ्या नातवाला त्याने असा आडवा केला, आणि हात देऊन उठवताना विचारलं, आजीचा गुडघा कसा आहे आता? मैदानात! सामना चालू असताना!" फोनमधून बॉड्रो खो खो हसत होता.

"एक राहिलंच पण," हसू आवरल्यावर तो म्हणाला. "दमाचं काय? शेवटपर्यंत टिकतो का, ते मला कोण दाखवणार?"

"आठवड्याने इथेच या," जीन म्हणाला. "आमचा वेस्टरलिनशी बास्केटबॉलचा सामना आहे, टेट त्यातही खेळतो. तिकडे कोच दुसरा आहे, आणि त्यात आम्ही इतके वाईट नाही. पोराला शेवटपर्यंत पळावं लागेल, त्याची काळजी आम्ही घेतो. आणि बूट जाड घालून या, तुमच्या पातळ बुटांची बातमी इथवर आलीय!"

संध्याकाळी मी डेलला सगळं सांगून टाकलं. लपवण्यात काय अर्थ होता? 

"जीन स्वतः बोलला?"

"सगळ्यांसमोर."

"तू त्यांना ते बोलायला लावलंस, अर्लीन."

"मी कुणाला काही लावलं नाही. मी फक्त ओरडले. बोलले ते आपल्या मनाने."

तो बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला. परत आला आणि ताटातलं सगळं संपवलं. मी नुसतं आणखी वाढलं.

बॉड्रो आला, जाड बूट घालून आला. जीनने शब्द पाळला. त्याच्या पोरांनी टेटला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा पळवला की शेवटी त्यांचीच जीभ बाहेर आली, आणि टेट आपला पळतोच आहे. डाउनी दोन गुणांनी जिंकलं. जीन आयुष्यात एवढा खूश झालेला मी पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी मी डेलचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते, तेव्हा फोन वाजला. डेल "हं", "हं", "बरं" एवढंच म्हणत होता. तोंडावरची माशीही हलली नाही. मग फोन ठेवून तो बाकड्यावर बसला.

"काय झालं? अरे बोल ना मेल्या!"

"मिळाली. पूर्ण शिष्यवृत्ती. राहणं, जेवण, शिकणं, सगळं."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच डबा खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. इतके दिवस श्वास अर्धाच घेत होते की काय, असं वाटलं.

डेलने टेटला वर्गातून बोलावून घेतलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. पोरगा कानापर्यंत लाल झाला. "हो का?" म्हणाला. मग हसू इतकं पसरलं की त्याला ते आवरेना. डेल मात्र हसला नाही. त्याला मनातलं ओझं टाकायचं होतं.

"टेट, मी तुला उगाच बसवलं. माझ्यामुळे हे हातचं जाणार होतं. तुला माझा राग आला असेल, तर ते बरोबरच आहे."

टेटला आधी कळेचना तो काय म्हणतोय ते. मग म्हणाला, "पण कोच, मी बाहेर आलो की नोलन आत जायचा ना."

नोलन म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. नववीत आहे, काडी पैलवान, शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर गोल फिरतं.

"तुम्ही मला बसवलं नसतं तर तो एकदाही मैदानात उतरला नसता," टेट म्हणाला. "बाबा पहिल्या अर्ध्यात गाडीतच बसायचे. मी खेळतो ते त्यांना माहीतच आहे. नोलन आत गेला की खाली उतरून कुंपणापाशी, माझ्या बाकामागे येऊन उभे राहायचे. मग आम्ही दोघं मिळून ओरडायचो. बाबा एरवी कुठे ओरडतात? मला तर सामन्यातला तोच भाग आवडायचा."

डेलने टोपी काढली, पुन्हा घातली. "जा, वर्गात जा," म्हणाला. पोरगा गेला, आणि दार लागताच माझा हा 'थोडी आग लागलीय' म्हणणारा नवरा बाकड्यावर बसून हमसून हमसून रडायला लागला. आणि मी त्याच्या शेजारी बसून, लाज कसली त्यात, त्याच्याहून मोठ्याने रडले.